हकलबेरी फिनमधला उपरोध वाचायचा आणि शिकवायचा कसा

प्रश्न असा आहे: मार्क ट्वेनची ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन’ ही गुलामगिरी आणि वर्णद्वेष उघडे पाडणारी उपरोधिक कादंबरी म्हणून शिकवली जाते. पण विद्यार्थी ती वाचायला घेतात तेव्हा गोष्ट सांगणारा गोरा मुलगा हक स्वतःच गुलामगिरी रास्त मानताना दिसतो. काळ्या माणसांसाठीची शिवी तो पानोपानी सहज वापरतो आणि त्याच्यासोबत नदीतून पळणारा गुलाम जिम बऱ्याच प्रसंगांत भोळसट वाटतो. मग उपरोध नेमका आहे कुठे, आणि तो वर्गात दाखवायचा कसा?

विद्यार्थ्यांचा हा गोंधळ खरा आहे आणि तो दडपून टाकू नये. ‘गुलामगिरी वाईट आहे’ असं हक संपूर्ण पुस्तकात एकदाही म्हणत नाही. शेवटच्या प्रकरणापर्यंत त्याची समजूत हीच राहते की गुलामाला पळून जायला मदत करणं म्हणजे चोरी, आणि चोरी म्हणजे पाप. सगळा उपरोध या समजुतीवर उभा आहे. ती शाबूत ठेवून वाचलं तर पुस्तक उलगडतं. हकला मनातून सुधारक ठरवून वाचलं तर हातात एक गोड साहसकथा उरते.

आधी काळ आणि जागा पक्की करून घ्यावी. कादंबरी इंग्लंड आणि कॅनडात डिसेंबर १८८४ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये आली. शीर्षकाच्या पानावर मात्र कथेचा काळ ‘चाळीस ते पन्नास वर्षांपूर्वी’ असा दिलेला आहे, म्हणजे साधारण १८३५ ते १८४५. या दोन काळांच्या मध्ये यादवी युद्ध झालं आणि १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली. मग वीस वर्षांपूर्वी संपलेल्या प्रथेवर इतका जीव तोडून का लिहायचं? कारण ट्वेनने हे पुस्तक १८७६ ते १८८३ या काळात थांबत थांबत लिहिलं, आणि नेमक्या त्याच वर्षांत दक्षिणेत घड्याळाचे काटे उलटे फिरत होते. १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं. मुक्त झालेल्या लोकांच्या मताधिकारावर, मजुरीवर, फिरण्यावर पुन्हा बंधनं आली. किरकोळ कारणांवरून पकडलेले काळे कैदी मळ्यांना आणि खाणींना भाड्याने देण्याची पद्धत रुजली. कायदा बदलला तरी ज्या मनांनी गुलामगिरी चालवली ती मनं तशीच होती. ट्वेनचा रोख या मनांवर आहे.

जागेबद्दल विद्यार्थी एक शंका हमखास काढतात, आणि ती चांगली शंका आहे. कथा सुरू होते ते मिसुरी १८२१ पासून गुलामगिरी असलेलं राज्य, तर समोर मिसिसिपी नदीपलीकडे इलिनॉय हे गुलामगिरी नसलेलं राज्य. मग जिमने सरळ नदी ओलांडून का जाऊ नये? कारण तिथे पोहोचल्याने तो सुटत नव्हता. पळून गेलेला गुलाम मालकाला परत मिळवून देणारा केंद्रीय कायदा १७९३ पासून होता, आणि बक्षिसासाठी माणसं पकडणारे लोक नदीच्या दोन्ही काठांवर फिरत होते. म्हणून दोघांचा बेत असा ठरतो: तराफ्याने खाली कैरो गावापर्यंत जायचं, तिथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते, तिथून आगबोटीने ओहायोच्या उलट्या दिशेने वर मुक्त राज्यांत शिरायचं. धुक्यात कैरो मागे सुटतं. यानंतर नदीचा प्रवाह जिमला दररोज आणखी दक्षिणेला, गुलामगिरीच्या अधिकाधिक आत नेतो. फळ्यावर नदीचा नकाशा काढून हे दाखवावं. नकाशाशिवाय पुढचे अर्धे प्रसंग नुसती भटकंती वाटतात.

आता मूळ यंत्रणेकडे. १८९५ च्या एका टिपणात ट्वेनने या पुस्तकाबद्दल लिहून ठेवलंय की यात निकोप हृदय आणि बिघडलेली सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि विवेकबुद्धी हरते. विवेकबुद्धी हरली हे चांगलं झालं, असं म्हणायला लावणारं साहित्य फार थोडं आहे. आपण ‘मनाची टोचणी’ म्हणतो ती नेहमी चांगल्या बाजूची असते असं धरून चालतो. ट्वेन दाखवतो की टोचणीही शिकवलेली असते. चर्च, शाळा, शेजारीपाजारी, कायदा यांनी मिळून मुलाच्या मनात जे भरलं, तेच त्याच्या मनाचा आवाज बनून बोलतं. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या उताऱ्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारावा: इथे हकला नेमकं कशाचं वाईट वाटतंय?

सोळावं प्रकरण घेऊ. कैरो जवळ आलंय असं वाटून जिम आनंदाने बोलत सुटतो. मुक्त राज्यात पोहोचलो की पैपै साठवीन, आधी बायकोला विकत घेईन, मग दोघं मिळून राबू आणि दोन्ही मुलांना विकत घेऊ. मालकाने विकायला नकार दिला तर गुलामगिरीविरोधी कुणालातरी सांगून त्यांना पळवून आणू. हे ऐकून हकच्या अंगावर काटा येतो. त्याच्या मनात येतं ते असं: हा माणूस बिनदिक्कत सांगतोय की मी माझी मुलं चोरीन, आणि ती मुलं तर अशा एका माणसाच्या मालकीची, ज्याला मी ओळखतही नाही, ज्याने माझं कधी काही वाकडं केलं नाही.

हे वाक्य वर्गात दोनदा वाचावं आणि पुढे काही न बोलता थांबावं. यात ‘माझी मुलं’ आणि ‘मालकीची मुलं’ शेजारी शेजारी येतात, आणि हकला त्यात काहीच विसंगत दिसत नाही. त्याला मालकाची कीव येते, बापाची नाही. मालमत्तेचा कायदा एका भल्या मुलाच्या डोक्यात किती खोल उतरलाय याचा यापेक्षा नेमका पुरावा मिळणं कठीण. लेखकाने बाजूला उभं राहून ‘किती हा अन्याय’ म्हटलं असतं, तर वाचक मान डोलावून पुढे गेला असता. इथे तो अन्याय ओळखण्याचं काम वाचकालाच करावं लागतं, कारण पुस्तकात ते दुसरं कुणी करत नाही.

त्याच प्रकरणात हक जिमला पकडून द्यायला होडीत बसून निघतो. वाटेत बंदूकधारी दोघं भेटतात. त्यांना पळालेले पाच गुलाम शोधायचेत. तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा, असं ते विचारतात. हक अडखळतो आणि म्हणतो, गोरा. मग तराफ्यावर देवीची साथ असल्याचा भास तो निर्माण करतो. घाबरलेले दोघं जवळ न येता फळकुटावर प्रत्येकी वीस डॉलरचं सोन्याचं नाणं ठेवून त्याच्याकडे सोडतात. या दोघांना ट्वेनने राक्षस केलेलं नाही. आजारी गोऱ्या कुटुंबाबद्दल त्यांना खरंच वाईट वाटतं, पदरचे पैसे देतात. आणि तीच माणसं त्याच वेळी माणसांची शिकार करत असतात. एका माणसात या दोन गोष्टी कशा नांदतात हे पाहायचं असेल तर हा प्रसंग पुरेसा आहे.

एकतिसावं प्रकरण सगळ्यांना माहीत असतं: हक जिमच्या मालकिणीला, मिस वॉटसनला, जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र लिहितो, आयुष्यात पहिल्यांदा पापमुक्त झाल्यासारखं त्याला वाटतं, मग जिमच्या आठवणी येतात, आणि ‘ठीक आहे, मग मी नरकात जाईन’ म्हणून तो पत्र फाडतो. उत्तरपत्रिकांत यावर हमखास एक चुकीचं वाक्य येतं: ‘इथे हकला गुलामगिरीची वाईट बाजू उमगते.’ त्याला तसं काहीही उमगत नाही. आपण नरकात जाणार यावर त्याचा अक्षरशः विश्वास आहे, आणि तो विश्वास खरा धरला तरच त्या वाक्याची किंमत कळते. पुढे हकचा मित्र टॉम सॉयर जिमला सोडवायला मदत करायला तयार होतो तेव्हा हक हबकून जातो, कारण इतक्या चांगल्या घरचा, शिकलेला मुलगा एवढ्या खालच्या थराला जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. मतपरिवर्तन झालेला मुलगा असं म्हणेल का?

हकच्या बापाचं, पॅप फिनचं, सहाव्या प्रकरणातलं भाषण याच्या अगदी उलट जातीचं आहे, आणि उपरोधाचे दोन प्रकार समजावून द्यायला ही जोडी उपयोगी पडते. दारू प्यायलेला, मळलेला, पोटच्या पोराच्या पैशांवर टपलेला हा माणूस सरकारच्या नावाने बोटं मोडतो. का? तर ओहायोहून आलेला एक मिश्रवंशाचा माणूस त्याने पाहिलाय. त्याचा सदरा पांढराशुभ्र, टोपी चकचकीत, सोन्याचं घड्याळ आणि साखळी, चांदीच्या मुठीची काठी. तो कॉलेजात प्राध्यापक आहे, अनेक भाषा बोलतो, आणि सगळ्यांत असह्य म्हणजे आपल्या राज्यात तो मतदान करू शकतो. पॅप जाहीर करतो की मी पुन्हा कधी मत देणार नाही. याच्या थोडं आधीच त्याने सांगून ठेवलंय की त्या दिवशी मतदान होतं आणि चालत जाण्याइतकी शुद्ध राहिली असती तर आपण जाणार होतो. बोलण्याच्या भरात खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पिंपावर अडखळून तो नडग्या फोडून घेतो, आणि मग त्या पिंपाला लाथ घालतो तीही नेमकी फाटक्या बुटाच्या पायाने, ज्यातून बोटं बाहेर आलेली आहेत.

इथे काही उकलून सांगावं लागत नाही. बोलणाऱ्याचा अवतारच त्याचा दावा खोडून काढतो: कातडीच्या रंगाखेरीज या माणसाकडे त्या प्राध्यापकापेक्षा वरचढ असं काहीही नाही, आणि म्हणूनच तो रंगाला इतका चिकटून आहे. मात्र वाचकांना हा उतारा आवडतो त्याला एक कारण आहे, आणि ते धोक्याचं आहे. पॅप इतका ओंगळ आहे की ‘आपण काही असे नाही’ असं सहज म्हणता येतं. म्हणून हा उतारा कधीही एकटा शिकवू नये. त्याला लागून बत्तिसावं प्रकरण घ्यावं.

तिथे टॉमची सॅली मावशी आहे, फेल्प्सच्या मळ्यावरची. प्रेमळ, अगत्यशील, पोराबाळांची बाई. उशीर का झाला याची थाप मारताना हक सांगतो की आगबोटीच्या इंजिनाचं सिलिंडर फुटलं. ती घाबरून विचारते, कुणाला इजा झाली का? तो म्हणतो, नाही. एक काळा मेला. ती सुटकेचा श्वास टाकते: नशीब म्हणायचं, कारण कधीकधी माणसांना इजा होते. लगेच पुढे ती अशाच एका स्फोटात अपंग होऊन वारलेल्या गोऱ्या गृहस्थाची हळहळत आठवण काढते. जेमतेम तीन ओळी. कुणी ओरडत नाही, कुणाला मारत नाही. पण माणसांच्या मोजणीतून एक माणूस वगळला गेला, आणि तो वगळणारी व्यक्ती वाचकाला मनापासून आवडावी अशी आहे. माझ्या मते वर्णद्वेष दाखवणारी ही संपूर्ण कादंबरीतली सगळ्यांत धारदार जागा आहे. थाप रचणारा हकही तिच्याच मोजमापाने बोलतो हेही विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावं, आणि हे त्याच्या नरकात जाण्याच्या निर्धारानंतर लगेचच येतं हेही.

एक व्यायाम पैशांचा. पुस्तकात जिथे जिथे रक्कम येते ती विद्यार्थ्यांनी प्रकरणानुसार लिहून काढावी. मिस वॉटसनला न्यू ऑर्लिन्सला जिमचे आठशे डॉलर मिळणार असतात. म्हणून तो पळतो. आठव्या प्रकरणात जिम म्हणतो, आता मी श्रीमंत आहे, मी स्वतःचा मालक आहे आणि माझी किंमत आठशे डॉलर आहे. स्वातंत्र्याचा आनंद व्यक्त करायलाही त्याच्याजवळ बाजारभावच आहे. त्याला पकडण्याचं बक्षीस तीनशे, तर खुनाचा संशय असलेल्या पॅपवर दोनशे. बंदूकधारी दोघांकडून आलेले चाळीस. राजा म्हणवणारा भामटा जिमला विकतो ते चाळीसला. आणि शेवटी इतके दिवस निमूटपणे कैदी बनून राहिल्याबद्दल टॉम जिमला देतो तेही चाळीसच. शेवटाकडे जमाव जिमला फासावर लटकवायला निघतो आणि थबकतो, कारण मालक उगवला तर भरपाई द्यावी लागेल. हक नोंदवतो की फाशी द्यायला जे सगळ्यांत उतावळे असतात तेच पैसे मोजायला सगळ्यांत नाखूश असतात. आकड्यांची ही यादी तयार झाली की लांबलचक विवेचनाची गरज उरत नाही.

जिमबद्दलचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याचं उत्तर अर्धंच देता येतं. त्या काळी गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्यांची टिंगल करणारे मिन्स्ट्रेल खेळ करत. ते तुफान लोकप्रिय होते आणि ट्वेनलाही आवडत. जिमच्या भुताखेतांच्या गोष्टी, त्याचा बावळेपणा यांत त्या खेळांची छाप आहे. राल्फ एलिसन या काळ्या कादंबरीकाराने १९५८ मध्ये लिहिलं की ट्वेनने जिमला मिन्स्ट्रेलच्या साच्यात बसवलं आणि त्या मुखवट्यामागूनच जिमची प्रतिष्ठा आणि माणुसकी वर येते. ती वर येताना पकडायची तर प्रकरणं जोडून वाचावी लागतात. चौदाव्यात जिम राजा सॉलोमनवर तुटून पडतो: ज्याला एकदोनच मुलं आहेत तो मूल कापायचा हुकूम देणार नाही, ज्याच्या घरात मुलांची खिल्लारं आहेत त्याला एखाददुसरं मूल म्हणजे काहीच नाही. हक हा मूर्खपणा समजून सोडून देतो. पण सोळाव्या प्रकरणात याच माणसाची दोन मुलं दुसऱ्याच्या मालकीची निघतात, आणि तेविसाव्यात तो चार वर्षांच्या एलिझाबेथची गोष्ट सांगतो: दार लाव म्हटलेलं ऐकलं नाही म्हणून तिला चापट मारली, आणि मग कळलं की लाल तापानंतर तिला ऐकूच येत नाही. तिन्ही प्रकरणं एकत्र ठेवली की चौदाव्यातला ‘मूर्खपणा’ हा बापाचा युक्तिवाद होता हे दिसतं. तेविसाव्यात हक म्हणतो की जिमला आपल्या माणसांची गोऱ्यांइतकीच माया असावी. हे नैसर्गिक वाटत नाही, पण असेल बुवा. हा मुलगा पुढे गेला तो इतकाच, आणि ट्वेनने त्याला याहून पुढे नेलेलं नाही.

शेवटची प्रकरणं, म्हणजे फेल्प्सच्या मळ्यावरचा सुटकेचा खेळ, यावर गेली कित्येक दशकं वाद आहे. जिम एका झोपडीत साखळीने पलंगाच्या पायाला बांधलेला. पलंग उचलला की साखळी निघते. पण टॉमला पुस्तकातल्यासारखी सुटका हवी, म्हणून पाया करवतीने कापायचा, पाईमध्ये भाजून दोरीची शिडी पाठवायची, झोपडीत उंदीर, साप, कोळी सोडायचे, जिमने दगडावर शोकलेख कोरायचा. आणि टॉमला पहिल्यापासून माहीत असतं की मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वी वारली आणि मृत्युपत्रात तिने जिमला मुक्त केलंय. कादंबरीकार हेमिंग्वेने १९३५ मध्ये सल्ला दिला होता की जिम चोरीला जातो तिथे वाचन थांबवा. दुसरा पक्ष म्हणतो की हीच खरी व्यंगचित्रासारखी रेखाटलेली १८७७ नंतरची अमेरिका: कायद्याने मुक्त माणूस, आणि त्याला सोडवण्याचं नाटक करत त्याला डांबून ठेवणारे गोरे. मला हा दुसरा अर्थ रचनेच्या पातळीवर पटतो. पण या दहाबारा प्रकरणांत जिमचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि विनोद त्याच्या हालांवर बेतलेला राहतो, हे कुठल्याही अर्थाने पुसलं जात नाही. विद्यार्थ्यांसमोर दोन्ही बाजू मांडाव्यात आणि पुस्तकाची वकिली करू नये. पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ ही २०२४ ची कादंबरी तीच गोष्ट जिमच्या तोंडून सांगते. २०२५ चं पुलित्झर तिला मिळालं. ट्वेनने काय सोडलं हे तिच्या शेजारी ठेवून चटकन दिसतं.

वंश ही कल्पनाच किती पोकळ आहे हे पाहायचं तर ट्वेनचीच ‘पुडनहेड विल्सन’ (१८९४) घ्यावी. त्यातली गुलाम बाई रॉक्सी दिसायला पूर्ण गोरी. सोळा भागांपैकी एक भाग काळा, आणि त्या एका भागाने बाकी पंधरांवर मताधिक्याने मात केली, असं निवेदक सांगतो. तिचं बाळ बत्तिसातला एक भाग काळं, तरीही गुलाम, कारण मूल आईच्या दर्जाचं हा नियम व्हर्जिनियात १६६२ पासून लिहून ठेवलेला. विकलं जाण्याच्या भीतीने रॉक्सी आपलं बाळ आणि मालकाचं बाळ पाळण्यात बदलते, आणि ते कुणाच्याही लक्षात येत नाही. वीसेक वर्षांनी बोटांच्या ठशांवरून सत्य बाहेर येतं. तोतया वारसाला खुनाबद्दल जन्मठेप होते. पण मूळ मालकाचे सावकार म्हणतात की हा आमच्या येण्यातला माल आहे, तुरुंगात ठेवून आमचं नुकसान का? राज्यपालांना ते पटतं. ते त्याला माफी देतात आणि सावकार त्याला नदीखालच्या मळ्यांत विकतात. गोरा म्हणून तो खुनी होता, काळा ठरताच तो मत्ता झाला, आणि मत्तेला शिक्षा होत नाही. खऱ्या वारसाला सगळं परत मिळतं, पण त्याला लिहितावाचता येत नाही, बोली गुलामांची, गोऱ्यांच्या दिवाणखान्यात जीव घुसमटतो. त्याला मोकळं वाटतं ते फक्त स्वयंपाकघरात. रक्त, स्वभाव, संस्कार यांबद्दलचे सगळे दावे या एका शेवटात मोडीत निघतात. सुरुवात करायची तर या कादंबरीपासून करणं अनेकदा सोपं जातं; इथे निवेदक प्रौढ आहे आणि उपरोध उघड आहे.

युरोपातलं जुनं उदाहरण व्होल्तेरच्या ‘कांदिद’मधलं (१७५९). एकोणिसाव्या प्रकरणात सुरीनाम या डच वसाहतीत कांदिदला रस्त्याकडेला पडलेला गुलाम भेटतो; डावा पाय नाही, उजवा हात नाही. मालकाने हे केलं का असं विचारल्यावर तो म्हणतो, होय, तशी वहिवाटच आहे. वर्षातून दोनदा एक कापडी चड्डी मिळते; साखरेच्या घाण्यात बोट अडकलं की हात कापतात, पळायचा प्रयत्न केला की पाय; माझं दोन्ही झालं. युरोपात तुम्ही साखर खाता ती या किमतीत. पाद्री दर रविवारी सांगतात की गोरे-काळे सगळे आदमची लेकरं. तसं असेल तर नातलगांशी याहून वाईट वागणं शक्य नाही हे तुम्हीच कबूल कराल. व्होल्तेरचं तंत्र म्हणजे सूर न चढवता नियमावली वाचून दाखवणं. इथे पीडित माणूस स्वतः बोलतो आणि बोट थेट वाचकाच्या साखरेकडे दाखवतो. ट्वेनकडे हे दोन्ही नाही.

या विषयाचा मुंबईशी संबंध आहे आणि तो मराठी वर्गात जरूर सांगावा. १८९६ च्या जानेवारीत ट्वेन व्याख्यानांसाठी मुंबईला आला. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ (१८९७) मध्ये त्याने लिहिलंय की हॉटेलात एका धिप्पाड जर्मन माणसाने कामात काय चुकलं हे न सांगताच एका नोकराच्या थोबाडीत मारली. नोकराने ती मुकाट्याने सोसली. ट्वेनला पन्नास वर्षांपूर्वीचं मिसुरी आठवलं: गुलामाला आपलं म्हणणं समजावण्याची तीच रीत होती. त्याचे मवाळ वडीलसुद्धा घरच्या लुईस नावाच्या गुलाम मुलाला क्षुल्लक चुकांसाठी चापट्या मारत. दहा वर्षांचा असताना त्याने एका माणसाला रागाच्या भरात गुलामाच्या डोक्यात लोहखनिजाचा दगड घालताना पाहिलं. तासाभरात तो गुलाम मेला. मालकाला तो अधिकार आहे हे मला माहीत होतं, तरी ते काहीतरी चुकीचं वाटत होतं. का चुकीचं, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, असं ट्वेन लिहितो. हकचं मन कुठून आलं हे या एका परिच्छेदातून कळतं.

दुसरा दुवा जोतीराव फुल्यांचा. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये आली आणि ती अर्पण केलीय अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त केलं म्हणून. ती कादंबरी नाही, धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवाद आहे. पण तिच्यातली उपरोधाची एक रीत या चर्चेत मोलाची आहे. परशुराम चिरंजीव आहे असं मानता ना, मग जोतीराव त्याला रीतसर पत्रच धाडतात आणि सहा महिन्यांत हजर व्हायला सांगतात. समोरच्याची श्रद्धा अक्षरशः खरी धरून चालायचं आणि ती कुठे कोसळते ते लोकांना पाहू द्यायचं. हकही आपल्या समाजाचा नियम असाच अक्षरशः खरा धरतो. फरक इतका की जोतीराव हे जाणून करतात आणि हक अजाणता.

वर्गासाठी नेमका क्रम सांगायचा तर चार तासिका धराव्यात. पहिलीत काळ, नकाशा आणि सहावं प्रकरण. दुसरीत फक्त सोळावं, सावकाश. तिसरीत चौदा, तेवीस आणि बत्तीस यांतले निवडक उतारे आणि पैशांची यादी. चौथीत एकतिसावं आणि शेवटाचा वाद. एकतिसाव्यापासून सुरुवात केली तर विद्यार्थी हकला नायक ठरवून मोकळे होतात आणि बत्तिसाव्यातल्या त्या तीन ओळी त्यांना दिसतच नाहीत.

मूळ इंग्रजीतली शिवी छापील पानावर राहू द्यावी, पण मोठ्याने वाचताना उच्चारू नये, आणि असं का करतोय हे पहिल्याच तासाला सांगावं. २०११ मध्ये अमेरिकेत त्या जागी ‘स्लेव्ह’ शब्द घालून काढलेली आवृत्ती अभ्यासाला घेऊ नये: ओहायोचा तो प्राध्यापक गुलाम नव्हताच, आणि तरी पॅपच्या लेखी तो तोच राहतो, हा मुद्दा तिच्यात बुडतो. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना जातिवाचक शिव्यांचा अनुभव असतो. कुणी ती तुलना काढली तर चर्चा होऊ द्यावी, पण कुणाला स्वतःचा अनुभव सांगायचा आग्रह करू नये.

परीक्षेत ‘हकलबेरी फिनमधील उपरोध स्पष्ट करा’ असा प्रश्न घातला की पाठ केलेली उत्तरं येतात. त्याऐवजी सोळाव्या प्रकरणातला जिमच्या मुलांचा उतारा छापून द्यावा आणि विचारावं: हकला इथे कुणाची कीव येते, त्या समजुतीमागे कोणता कायदा आहे, आणि उताऱ्यातल्या कोणत्या दोन कल्पना एकमेकींशी विसंगत आहेत? तिसऱ्या भागाला निम्मे गुण ठेवावेत.